लाल-सोनेरी रविवार

गेल्या दोन अंकांत नामनिर्देशन आणि मृत्युपत्र या विषयांवर लिहिले. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एकात एका वाचकाने मोठ्या अदबीने सुचविले आहे की, लेखकाने एखादा महिना तरी मरणोत्तर व्यवहारांतून बाहेर यावे. सूचना शिरसावंद्य. या महिन्यात हिशेबाची वही मिटून ठेवतो आणि खेळाविषयी लिहितो. तेही क्रिकेटविषयी नव्हे.

फुटबॉल हा आपल्या व्यापारी घरांत फारसा रुजलेला खेळ नाही. क्रिकेट दुकानाच्या गादीवर बसून ऐकता येते. मध्येच गिऱ्हाईक आले, चार वार कापड फाडून दिले, तरी फारसे काही हुकत नाही. फुटबॉलचे तसे नाही. ९० मिनिटे डोळा लावून बसावे आणि पाण्याचा पेला घेण्यासाठी मान वळवावी, तेवढ्यात गोल होऊन जावा. परंतु माझे बालपण कोल्हापुरात गेले, आणि कोल्हापूरच्या मुलाला फुटबॉल निवडावा लागत नाही. तो पेठेबरोबर पदरात पडतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार ही तेथील संघांची नावे. कुस्तीच्या गावात फुटबॉलही तालमीच्या ईर्षेनेच खेळला जातो. दुकान लवकर बंद करून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसणारे कित्येक प्रतिष्ठित व्यापारी मी पाहिले आहेत. घरी ते वसुलीला गेल्याचे सांगत.

असे असूनही, खेळाने मला दिलेला सर्वांत मोठा आनंद कोल्हापुरात मिळाला नाही. ज्या संघाशी माझे गावाचे, भाषेचे वा रक्ताचे कोणतेही नाते नव्हते, त्या संघाच्या विजयात तो मिळाला. त्याची तारीख १३ जुलै १९९७, वार रविवार, स्थळ कलकत्त्याचे सॉल्ट लेक स्टेडियम.

त्याच्या आदल्या वर्षी मला पदोन्नती मिळाली होती आणि बँकेच्या रीतीप्रमाणे तिच्या पाठोपाठ दूरची बदलीही. मुलांच्या शाळेमुळे कुटुंब कोल्हापुरातच राहिले आणि मी एकटा उत्तर कलकत्त्यातील एका शाखेत रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात शाखेतील मंडळींनी मला एक प्रश्न विचारला. तो माझ्या पगाराविषयी नव्हता की प्रांताविषयी नव्हता. ‘साहेब, आपण मोहन बागानचे की ईस्ट बंगालचे?’ मी म्हटले, मी पाटाकडील तालमीचा. हे उत्तर कोणालाही समजले नाही. तरी फुटबॉल जाणणारा माणूस आला आहे एवढी नोंद झाली.

या दोन क्लबांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मोहन बागानची स्थापना १८८९ ची. १९११ साली या संघाने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरविले. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. त्या विजयाचे स्मरण बंगाली माणूस आजही स्वातंत्र्यलढ्यातील एखाद्या प्रसंगासारखे करतो. ईस्ट बंगाल क्लब १९२० चा. नावाप्रमाणे तो पूर्व बंगालमधून कलकत्त्यात आलेल्यांचा. पश्चिमेकडचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’, पूर्वेकडचे ते ‘बांगाल’. घोटी मोहन बागानचे, बांगाल ईस्ट बंगालचे. एकाचे निशाण शिडाची नौका, दुसऱ्याचे जळती मशाल. एकाचा रंग हिरवा आणि लालसर तपकिरी, दुसऱ्याचा लाल आणि सोनेरी. मासेसुद्धा वाटून घेतलेले आहेत, कोळंबी मोहन बागानची आणि हिलसा ईस्ट बंगालचा. जो संघ जिंकेल त्याचा मासा त्या संध्याकाळी बाजारात महाग होतो. मागणी-पुरवठ्याचा हा सिद्धान्त मला एम.कॉम.च्या पुस्तकात कोठे आढळला नव्हता.

ही चुरस नेहमी गमतीची राहिली असे मात्र नाही. १९७५ साली शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे धुळीस मिळविले, आणि ते दुःख सहन न होऊन एका तरुण चाहत्याने आपला जीव दिला. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. सामन्याला जाणाऱ्या मुलाची आई त्यानंतरची कित्येक वर्षे दारात उभी राहत असे, हे मी शाखेतच ऐकले.

आमचे मुख्य रोखपाल वयाने सर्वांत वडील, म्हणून लहानथोर सगळे त्यांना ‘बडदा’ म्हणत, थोरला भाऊ. नोटा मोजताना त्यांचा चेहरा हलत नसे, आणि बहुधा नोटा मोजत नसतानाही हलत नसे. ते ईस्ट बंगालचे आहेत हे मला तीन महिन्यांनी कळले, तेही दुसऱ्याकडून. बडदांचे मूळ गाव बारिसाल. तेथे वडिलांचे कापडाचे दुकान होते. १९५० च्या दंगलींनंतर कुटुंब स्टीमरने खुलन्यापर्यंत आणि तेथून आगगाडीने सियालदाह स्थानकावर आले. बडदा तेव्हा सात वर्षांचे होते. फलाटावर काही दिवस काढून मंडळी जादवपूरकडील बिजयगड या निर्वासितांच्या वसाहतीत पोहोचली. महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकींच्या जागेवर ही वसाहत उभी राहिली होती. वडिलांनी निघताना दुकानातील काही घेतले नाही, फक्त उधारीची वही घेतली. आपल्याकडे दिवाळीत वहीपूजन होते तसे बंगालमध्ये वैशाखाच्या पहिल्या दिवशी ‘हालखाता’ उघडतात, लाल कापडी बांधणीची. तशी ती वही होती.

त्या काळात निर्वासितांच्या वसाहतींत आनंदाची बातमी अशी क्वचितच येई. जी येई ती मैदानातून. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे ईस्ट बंगालने शील्ड जिंकली. संघाच्या पाच आघाडीपटूंना लोक ‘पंचपांडव’ म्हणत: अप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह आणि व्यंकटेश. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की यांत एकही बंगाली नाही. पाचही जण दक्षिणेचे. घरदार गमावलेल्या माणसांना ज्यांनी मान ताठ करून चालायला लावले त्यांना त्या माणसांची भाषाही धड येत नसावी. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता १९९७ कडे येतो. फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात हे दोन संघ समोरासमोर आले. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आणि ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी, दोघांचे आपसांतील वैर शहराला ठाऊक. अमलबाबू अभ्यासू, हट्टी आणि तिखट जिभेचे. इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम केलेला. परत आल्यावर प्रोजेक्टर घेऊन बंगालच्या खेड्यांतून फुटबॉलचे चित्रपट दाखवीत हिंडलेला हा माणूस. त्या मोसमात त्यांनी ‘डायमंड’ नावाची आक्रमक मांडणी आणली होती, आणि तिच्या जोरावर उपांत्यपूर्व सामन्यात गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा फडशा पाडला होता. शहरभर हिऱ्याचीच चर्चा. आमच्या शाखेचे लेखापाल पक्के मोहन बागानवाले. जमाखर्चाचे ताळेबंद सोडून कागदावर पेन्सिलीने हिऱ्याच्या आकृत्या काढीत आणि मला समजावून देत.

पी. के. यांची तऱ्हा वेगळी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार, १९६२ च्या जकार्ता एशियाडमधील सुवर्णपदक संघाचे खेळाडू. पण उमेदीची सारी वर्षे मोहन बागान वा ईस्ट बंगालऐवजी ईस्टर्न रेल्वेच्या संघातून खेळलेले. खेळाडूंना शब्दांनी चेतविण्याची त्यांची हातोटी ‘व्होकल टॉनिक’ या नावाने प्रसिद्ध होती. आणि अमलबाबूंनी त्या औषधाची सामग्री आयतीच पुरविली. सामन्यापूर्वी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची टिंगल केली. केनियाच्या सॅमी ओमोलोला ‘ऑम्लेट’ म्हटले आणि सिक्कीमच्या वीस वर्षांच्या बायचुंग भूतियाला ‘चुंगचुंग’. वर्तमानपत्रांनी ते छापले. लेखापाल मोठ्याने वाचून हसले. बडदांनी पान वळवून घेतले, वाचले आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवले. ‘मुलगा डोंगरातला आहे,’ एवढेच म्हणाले. टिंगल नेहमी दुरून आलेल्याच्या नावाची, बोलीची आणि चेहऱ्याची होते. बांगाल माणसाने ती आयुष्यभर ऐकलेली असते.

त्या शनिवारी काउंटर बंद झाल्यावर बडदांनी माझ्या टेबलावर एक तिकीट ठेवले. साहेबांना न्यायचे ठरविले आहे, असे ते म्हणाले. विचारले नव्हते.

सॉल्ट लेक स्टेडियम १९८४ चे, तीन मजली, काँक्रीटच्या पायऱ्यांचे. त्या दिवशी १,३१,७८१ प्रेक्षक आले असा आकडा नोंदला गेला आहे. भारतातील कोणत्याही खेळाच्या सामन्याला इतकी माणसे क्वचितच जमली असतील. बँकेतील माणूस म्हणून आकड्यांशी माझा परिचय होता, परंतु सव्वा लाखाहून अधिक माणसे हा आकडा मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. आषाढाचा दमट उकाडा, घामाने अंगाला चिकटलेले सदरे. आम्ही वरच्या मजल्यावर, लाल-सोनेरी बाजूस. समोरची अर्धी कडा हिरवी. खाली खेळाडू एवढे लहान दिसत की पहिली दहा मिनिटे मी माणसे न पाहता आकार पाहत होतो.

आणि आकार पाहिल्यामुळेच एक गोष्ट दिसली. मोहन बागानचा हिरा पुढे सरके तेव्हा सुंदर दिसे, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पाठीमागे एक मोठी रिकामी जागा सुटे. पी. के. यांनी ती जागा बहुधा आदल्या रात्रीच पाहून ठेवली होती. ईस्ट बंगालचे खेळाडू मागे थांबत, चेंडू हिसकावीत आणि तो त्या मोकळ्या जागेत टाकीत. तिच्याकडे धावणारा तो डोंगरातला मुलगा. मी त्याला जर्सीच्या क्रमांकापेक्षा धावण्याच्या ढंगावरून ओळखू लागलो.

पूर्वार्धात नाझिमुल हकने पहिला गोल केला. माझ्या भोवतीची सारी बाजू एकदम उभी राहिली. बडदा बसून होते. उत्तरार्धात बायचुंगने दुसरा केला. बडदा बसून होते, छत्रीची मूठ मात्र दोन्ही हातांनी धरलेली. मग चिमा ओकोरीने मोहन बागानचा गोल केला. चिमा नायजेरियाचा, धिप्पाड, पूर्वी ईस्ट बंगालकडूनही खेळलेला. २-१. त्यानंतरचा काळ मी विसरणार नाही. समोरच्या कड्यावरून जो गजर सुरू झाला तो काँक्रीटमधून पायांना जाणवत होता. आमच्या बाजूस कोणी बोलेना. पुढच्या रांगेतील एक गृहस्थ मैदानाकडे पाठ करून बसले आणि शेजारच्या मुलाला ‘काय चालले आहे ते सांग’ म्हणून विचारीत राहिले. मी कोल्हापुरातही असे पाहिले आहे. ज्याला फार हवे असते त्याला बघवत नाही.

शेवटची काही मिनिटे उरली होती. पुन्हा चेंडू निसटला, पुन्हा बायचुंग धावला आणि ३-१ झाले. तो गोल नेमका कसा झाला हे मला सांगता येणार नाही, कारण त्या क्षणी बडदा उभे राहिले आणि मी त्यांच्याकडे पाहिले. ५४ वर्षांचे, रोज सकाळी तिजोरीच्या किल्ल्या जानव्याला बांधून येणारे, चेहरा न हलणारे ते गृहस्थ दोन्ही हात वर करून ओरडत होते. आणि ओरडत होते ते आमच्या शाखेत बोलत त्या कलकत्त्याच्या बंगालीत नव्हे. शब्द मला कळत नव्हते, परंतु उच्चार निराळा होता एवढे कळले. तो बारिसालचा होता. सत्तेचाळीस वर्षे जे कोणी हसेल म्हणून घरात ठेवले होते ते त्या पायरीवर मोकळे झाले होते; आजूबाजूचे हजारो लोक तशाच उच्चारात उत्तर देत होते, आणि हसणारे कोणी नव्हते. कोणा अनोळखी मुलाने त्यांना मिठी मारली, मग मला मारली. मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो ते कोल्हापुरी होते, छापण्याजोगे नाही.

तेवढ्यात चौथाही झाला. तोही बायचुंगचाच; तीन गोल एकट्याचे. वर्तमानपत्रांच्या सुरळ्या पेटल्या, आमच्या बाजूस मशालीच मशाली झाल्या. समोरच्या हिरव्या कड्यावर पायऱ्यांचे काँक्रीट दिसू लागले. लोक निघून चालले होते. ४-१.

स्टेडियमबाहेर पडून बससाठी बराच वेळ चालावे लागले. बडदा वाटेत एक शब्दही बोलले नाहीत. घसा बसला होता की पुन्हा पूर्ववत झाले होते, सांगता येत नाही.

सोमवारी लेखापाल वेळेवर आले, हे नमूद केले पाहिजे. कित्येक मोहन बागानवाल्यांनी त्या दिवशी रजा टाकली होती. बडदांनी त्यांना डिवचले नाही. पहिल्या व्हाउचरवर सही घेताना लाल शाईचे पेन पुढे केले, तेवढेच.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बिजयगडला जेवायला बोलावले. विजयाचे जेवण म्हणजे हिलसा. मी संकोचाने माझी अडचण सांगितली. बडदा म्हणाले, ‘आईच्या चुलीवर होईल.’ बंगालमधील जुन्या वळणाच्या विधवा स्त्रिया मांसमासे तर सोडाच, कांदा-लसूणही वर्ज्य करतात आणि त्यांची चूल व भांडी वेगळी असतात. ही रीत कोणत्या कठोरपणातून आली हे मी जाणतो, आणि तिचे गोडवे गाणार नाही. परंतु त्या दिवशी एका मराठी पाहुण्याचे पान त्या चुलीमुळेच शुद्ध राहिले. मुगाची खिचडी, पडवळाची भाजी, नारळ घातलेली हरभऱ्याची डाळ. बटाटाही नको म्हटल्यावर म्हातारीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. एवढे तर विधवेलाही सोडावे लागत नाही, असे काहीसे त्या नजरेत होते.

वयाने त्या ऐंशीच्या घरात असाव्यात. फुटबॉलमधले त्यांना काही कळत नव्हते. जेवताना त्यांनी मुलाला विचारले, आपण किती दिले? बडदांनी बोटांनी चार दाखविली. कोणी दिले? त्यांनी सांगितले. तो कोठला? सिक्कीमचा. म्हातारीने मान हलविली; दुरून आलेला आहे, असे काहीसे बोलल्या आणि माझ्या पानात डाळ वाढली. उधारीची ती वही त्यांच्या खोलीत देवाच्या फळीखाली होती. मी विचारल्यावर बडदांनी काढून दाखविली. लाल कापड तपकिरी झालेले, अक्षर मोत्यासारखे. बुडीत कर्जे निर्लेखित करणे हा माझ्या नोकरीचा भाग होता. त्या वहीतील एकही खाते कोणी निर्लेखित केलेले नव्हते.

आता राहिली अंतिम सामन्याची गोष्ट. थोड्याच दिवसांनी ईस्ट बंगालचा सामना गोव्याच्या साळगावकर संघाशी झाला आणि ईस्ट बंगाल २-१ असे हरले. चषक गोव्याला गेला. दुसऱ्या दिवशी मी शाखेत पोहोचतो तो माझ्या टेबलावर संदेशाचा एक खोका. लेखापाल हात जोडून उभे: साहेबांच्या गोव्याचे अभिनंदन. कोल्हापूर आणि गोवा यांच्यामध्ये घाट आहे, राज्य वेगळे आहे, भाषाही निराळी आहे, हे मी त्यांना समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. पण कलकत्त्याच्या दृष्टीने नागपूरपलीकडचे सगळे एकच. खोका शाखाभर फिरला. रोखपालांच्या पिंजऱ्यापाशी आल्यावर सर्वांनी माना वळविल्या. बडदांनी हातातील नोटांची गड्डी मोजून पुरी केली, रबर लावले, दोन संदेश उचलले, आणि एक खाऊन म्हणाले की दुकान चांगले आहे, पुढच्या वेळीही येथूनच आणावेत.